छताला विचारणारा मिस्त्री

“पहले छत से पूछ लें, बहनजी,” असं म्हणून तो उकिडवा बसायचा, हातोडी उलटी धरायचा आणि लाकडी दांड्याने छतावर ठोकायचा. डोळे मिटलेले. आवाज भरीव आला की पुढे सरकायचं, पोकळ आला की खडूने गोल काढायचा. गळती बुजवणारे मिस्त्री तुम्हीही पाहिले असतील. हा मात्र छताची विचारपूस करायचा.

नव्वदच्या दशकात लखनौमध्ये आमची तीन घरं झाली. तिन्हींची छतं त्यानेच सांभाळली. पहिलं भाड्याचं, फार जुनं. लाकडी तुळया, त्यांवर बारीक विटा आणि चुना. पावसाळ्याआधी तो चुन्यात गूळ आणि बेलाचा गर कालवून भेगा भरायचा. मागोमाग मुंग्यांची रांग यायची. मी कुरकुरले, तर म्हणाला, “मेहमान हैं, दो दिन में चले जाएँगे.” आठ दिवस राहिल्या.

दुसरं लखनौच्याच महानगर नावाच्या वस्तीत. लोखंडी गर्डरवर दगडी फरश्या. तिथे सांधे भरले आणि गर्डरला रंग दिला की काम संपलं. त्याला ते छत आवडत नसे. “इसमें बात करने को कुछ है ही नहीं.”

तिसरं अलीगंजमधलं, आमचं स्वतःचं, सिमेंटच्या स्लॅबचं. एका उन्हाळ्यात त्याने तिथला सगळा कोबा ठोकून पाहिला आणि सांगितलं, “सब दुरुस्त है.” पावसाळ्यात पाणी थेट आमच्या पलंगावर.

“म्हातारा झाला तो. डांबरवाल्याला बोलव,” यजमान म्हणाले.

मी कोणालाच बोलावलं नाही. ऊन पडल्यावर लाटणं घेऊन स्वतः वर गेले. पाण्याच्या टाकीजवळ कोबा रिकाम्या मडक्यासारखा वाजत होता. माझ्यासारखीलाही कळावं इतका.

दुसऱ्या दिवशी निरोप पाठवून त्यालाच छतावर बोलावलं. तो पाठमोरा असताना मी विचारलं, “चाय लेंगे?” उत्तर नाही. मोठ्याने विचारलं. तरी नाही. मग मी समोर जाऊन टाकीजवळच्या त्या पोकळ जागी लाटणं आपटलं. त्याने आधी लाटण्याकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे, आणि हातोडी खाली ठेवली.

“मोहल्ले में मत कहिएगा, बहनजी. फिर कौन बुलाएगा?”

धीर देणं वगैरे मला जमत नाही. मी त्याच्यासमोर बसले आणि मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून म्हटलं, “ठोकूँगी मैं. खोदेंगे आप.”

दोन तासांत चार जागा सापडल्या. तेवढ्यात त्याला हुशारी आली. “हाथ बड़ा भारी है आपका. भाईसाहब को रोटी भी मोटी मिलती होगी!”

पुढची दोन वर्षं आमच्या ओळखीच्या मराठी घरांत तो कामाला गेला की मीही जायची. ठोकायचा तोच, पूर्वीच्याच थाटात, फक्त डोळे आता उघडे असत. मी समोर उभी राहायची. आवाज पोकळ आला की खांद्यावरचा पदर सारखा करायची. तो गोल काढायचा.

“तुम्हाला एवढी काय हो छतांची आवड?” एका बाईंनी विचारलंच.

“मी शिफारस केलीय ना. बघायला नको?” मी म्हटलं. भर उन्हात माझा पदर इतक्यांदा का घसरतो, हे कोणी विचारलं नाही.

एका हिवाळ्यात तो गेला. मला आठवड्याने कळलं. आलमबागेच्या मागे त्याचं घर होतं, तिथे गेले. अंगणात चार-पाच मिस्त्री बसले होते. तेच बोलणं चाललं होतं: काय कान होता, छताची नस ओळखायचा.

मी आत त्याच्या बायकोजवळ चहा घेत बसले. ती हळूच म्हणाली, “कान! चिल्ला-चिल्लाकर मेरा तो गला बैठ गया था.”

तेवढ्यात बाहेरून एकाने विचारलं, “बहनजी, आपने तो इतने साल देखा है. था कोई उनके जैसा?”

तिने माझ्याकडे पाहिलं.

“नहीं,” मी म्हटलं. “वैसा कान मैंने दूसरा नहीं देखा.”

तिने न विचारता माझा कप पुन्हा भरला.