गोळी की पाणी

पडद्यावर गोरी मुलगी आली की डोरीन नवऱ्याच्या कानाशी वाकायची आणि विचारायची, "गोळी की पाणी?"

गुणवंत हरकरे घाईने उत्तर देणारा माणूस नव्हता. मुलीच्या हातात दारूचा पेला आहे का, ती नायकाला मोडक्या हिंदीत 'टुम' म्हणते का, नायकाच्या गावात दुसरी कुणी साडीतली मुलगी वाट पाहते आहे का, हे सगळं बघून तो निकाल द्यायचा. गोळी म्हणजे नायकावर झाडलेली गोळी ती आपल्या छातीवर घेणार. पाणी म्हणजे नदीत, दरीत किंवा समुद्रात जाणार. जो हरेल त्याने पुढच्या रविवारी शेंगदाण्यांची पुडी घ्यायची. मुलगी वाचेल आणि नायकाशी लग्न करून नांदेल, यावर दोघांपैकी कुणीही कधी पैज लावली नाही.

ते दोघं मात्र नांदत होते. गुणवंत जबलपूरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तंत्रज्ञ होता आणि डोरीन तिथेच ऑपरेटर. ती अँग्लो-इंडियन, तिचे वडील रेल्वेत इंजिन ड्रायव्हर होते, आजोबाही. खानदानात कुणी इंग्लंड पाहिलेलं नव्हतं. लाइन तपासताना गुणवंतने आधी तिचा आवाज ऐकला, मग पुष्कळ दिवसांनी माणूस पाहिलं. पासष्ट साली कोर्टात लग्न झालं. तेव्हा कुणी बंदूक काढली नाही, कुणी पावसात गाणं म्हटलं नाही. डोरीनच्या वडिलांनी गुणवंतला एवढंच विचारलं, "नौकरी पक्की है?" आणि गुणवंतच्या आईने काहीच विचारलं नाही.

आई, सत्यभामाबाई, विधवा होत्या. नवऱ्याच्या बदलीबरोबर नागपूरहून जबलपूरला आल्या तेव्हा दोन्ही गावं एकाच राज्यात होती. छप्पन्न साली राज्यांची नवी रेघ ओढली गेली आणि त्यांचं माहेर पलीकडे राहिलं. पुढच्याच वर्षी नवराही गेला. तिलवाऱ्याच्या घाटावर अस्थी सोडून आल्यावर दीक्षितपुऱ्यातल्या भाड्याच्या घरात त्यांनी सोवळं अधिकच कडक केलं. गेलेल्या गोष्टींपैकी हाताशी उरलेलं तेवढंच होतं.

सुनेसाठी त्यांनी मागची खोली रिकामी करून दिली. तिला वेगळं दार होतं. डोरीनचा स्टोव्ह तिथे, भांडी तिथे. तिचा कप मधल्या खिडकीच्या कट्ट्यावर पालथा असायचा, तो ती सुलटा करून ठेवायची. सत्यभामाबाई त्यात वरून चहा ओतायच्या आणि वळायच्या. भांडण म्हणून नव्हतंच. डोरीनला ताप आला की काढा उंबऱ्यापर्यंत यायचा. फक्त तिच्या हातचं पाणी त्या पीत नसत आणि शक्यतो तिच्या तोंडाकडे बघत नसत. डोरीन पाठमोरी असली की मात्र निरखून बघायच्या. कपडे वाळत घालताना, केस विंचरताना, सायकल बाहेर काढताना.

"तुझं मडम आलं का रे ड्यूटीवरून?" असं त्या गुणवंतला विचारायच्या.

"आई, तिला नाव आहे."

"हो का? माझ्या जिभेला येत नाही ते."

डोरीन हे ऐकून हसायची. मराठी तिला आता समजत होती, थोडी बोलताही येत होती. पण तिचा भाऊ डेसमंड ऑस्ट्रेलियात पर्थला जाऊन स्थिरावला होता, आणि त्याची पत्रं यायला लागल्यावर तिचं हसणं जरा उशिरा येऊ लागलं. तिने गुणवंतसमोर एकच अट ठेवली होती, आणि तीही चढ्या आवाजात नाही. "एक दिवस आई माझ्या हातचं जेवली पाहिजे. वर्षातून एकदा चालेल. नाहीतर मी कुठे राहून राहिली, ते मला सांग." गुणवंत बघू म्हणाला होता. बघू म्हणण्यातच सहा वर्षं गेली.

एकाहत्तरच्या थंडीत मुंबईची एक फिल्म कंपनी भेडाघाटला शूटिंगसाठी आली. कथेत एका इंग्रज साहेबाची मुलगी होती. ती जंगल अधिकारी असलेल्या नायकावर प्रेम करते, नर्मदेची आरती शिकते, साडी नेसते, आणि शेवटी त्याच्यावरची गोळी अंगावर घेऊन कड्यावरून नदीत पडते. गोळी आणि पाणी, दोन्ही. हे काम करणारी नटी मुंबईची होती. ती सोनेरी टोप घालून इंग्रज झाली होती, पण संगमरवराच्या कड्यावर उभी राहायला तयार नव्हती. तिच्या उंचीची, तिच्या बांध्याची बाई पाहिजे होती. पाठमोरी उभी राहायची, वळायचं नाही. कंपनीच्या ट्रंककॉलसाठी एक्स्चेंजमध्ये चकरा मारणाऱ्या सहायक दिग्दर्शकाची नजर डोरीनवर पडली.

"मैडम, आप तो बनी-बनाई हैं," तो म्हणाला.

गुणवंतने रजा घेतली आणि बरोबर गेला. रंगभूषेवाल्याने डोरीनची मान आणि दंड उजेडात धरून पाहिले आणि नाक मुरडलं.

"थोड़ा और सफ़ेद करना पड़ेगा."

"क्यों भैया? मी गोरी नाही?" डोरीनने अर्ध्या हिंदीत, अर्ध्या मराठीत विचारलं.

"गोरी हैं, मैडम. लेकिन पिक्चर वाली नहीं."

तिच्या मानेला पावडर थापली गेली. दीक्षितपुऱ्यात जी गोरी मडम होती ती भेडाघाटला पुरेशी गोरी भरली नाही. डोरीनने हा विनोद नंतर पुष्कळांना सांगितला. गुणवंतने त्या वेळी तो ऐकला आणि रंगभूषेवाल्याच्या हातातल्या डब्यावरची चिकटलेली पट्टी वाचत राहिला.

कड्याच्या खाली एक पसरट खडक होता, त्यावर गाद्या टाकल्या होत्या. शिट्टी झाली की डोरीनने डावा खांदा झटकायचा, गुडघे सैल सोडायचे आणि पडायचं. नदीत टाकायचा कापडी पुतळा वेगळा होता. पहिल्यांदा ती पडली तेव्हा गुणवंत उठून उभा राहिला. दुसऱ्यांदा त्याने हात पुढे केला. त्यानंतर ऊन सरकलं म्हणून, टोप उडाला म्हणून, कॅमेऱ्यासमोर माकड आलं म्हणून ती पडत राहिली. गुणवंतने खिशातले शेंगदाणे काढले आणि सोलून खाऊ लागला. आपली बायको मरते आहे आणि आपण टरफलं एका बाजूला गोळा करतो आहोत, हे त्याच्या लक्षात आलं. त्याने गोळा करणं थांबवलं नाही.

चित्रपट त्र्याहत्तरमध्ये जबलपूरला लागला. शेजारच्या इंदिराबाई लोणकर सत्यभामाबाईंना दुपारच्या खेळाला घेऊन गेल्या. सत्यभामाबाई धार्मिक सोडून चित्रपट बघत नसत, पण यात नर्मदामाईची आरती आहे असं इंदिराबाईंनी सांगितलं होतं. बाकीचं सांगितलं नव्हतं. इंदिराबाईंना गंमत बघायची होती.

संध्याकाळी गुणवंत घरी आला तेव्हा आई मोरीत नळाखाली अंगावरच्या लुगड्यासकट बसली होती. इंदिराबाई दारात उभ्या होत्या.

"मी काही केलं नाही, भैया," त्या आधीच म्हणाल्या. "थेटरात एवढी रडली, एवढी रडली, की मागचे लोक ओरडून राहिले. रिक्षात एक शब्द नाही. आणि आली तशी नळाखाली!"

"आई, काय झालं?"

"आंघोळ करून राहिले. दिसत नाही का?"

"पण काहून?"

"डोळ्यांनी पडताना पाहिली तिला. डाव्या पायावर भार देऊन उभी होती. कपडे वाळत घालते तशीच. घरचं माणूस गेलेलं पाहिलं की आंघोळ लागते."

"आई, ते पिक्चर आहे. डोरीन ड्यूटीवर आहे. येईलच आता."

"मला समजत नाही का? तू मला शिकवू नको," सत्यभामाबाई म्हणाल्या. "खोटं मरण पाहिलं की माणसाचं आयुष्य वाढते, तेही माहीत आहे. पण पाहिलं ते पाहिलं. एक दिवस पाळावं लागेल."

नटीचा चेहरा अख्ख्या शहराने पाहिला होता. पाठ ओळखणारी बाई एकटी सत्यभामाबाईच निघाली, कारण आठ वर्षं त्यांनी तेवढंच पाहिलं होतं.

सुतकात घरची चूल पेटत नाही. शेजारचे लोक जेवण आणून देतात. पण इंदिराबाई कधीच पसार झाल्या होत्या. जिवंत सुनेच्या सुतकाचा डबा घेऊन येणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं. सत्यभामाबाई ओले केस मोकळे सोडून भिंतीला टेकून बसल्या. तेवढ्यात डोरीन आली. गुणवंतने मागच्या खोलीत जाऊन तिला सगळं सांगितलं. ती ऐकत ऐकत चप्पल काढत होती. एक काढली, दुसरी पायातच राहिली.

"सुतक कोणाचं पाळतात?" तिने विचारलं.

"घरच्यांचं."

"बाहेरच्यांचं नाही?"

"नाही."

तिने दुसरी चप्पलही काढली. मग तिने स्टोव्ह पेटवला, मुगाची खिचडी टाकली, आणि ताट घेऊन मधल्या दारातून आत गेली. त्या दारातून ताट घेऊन ती पहिल्यांदाच जात होती.

"आईजी, मी जिवंत आहे. जेवून घ्या."

सत्यभामाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. तोंडाकडे. पुष्कळ वेळ पाहिलं. मग ताट ओढून घेतलं आणि जेवल्या. मीठ कमी आहे म्हणाल्या. डोरीनने मीठ आणून वाढलं.

गुणवंत दारात उभा होता. या क्षणाची तो लग्नापासून वाट पाहत होता. हा क्षण आला की आपल्याला रडू येईल, असं त्याने गृहीत धरलं होतं. त्याला काहीही झालं नाही. कंदिलाची काच काळी झाली आहे, उद्या पुसली पाहिजे, एवढंच त्याच्या मनात आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सत्यभामाबाईंनी पुन्हा आंघोळ केली, देवघर धुतलं, चूल पेटवली. डोरीन चहाला मधल्या दारापर्यंत आली. कप खिडकीच्या कट्ट्यावर पालथा होता. डोरीनने तो सुलटा केला, सत्यभामाबाईंनी वरून चहा ओतला आणि त्या वळल्या.

"आई," गुणवंत म्हणाला, "काल तर तू..."

"काल सुतक होतं. सुतकात सोवळं कुठलं?" सत्यभामाबाई म्हणाल्या. त्यांना यात काहीच विसंगत वाटत नव्हतं.

डोरीनने चहा संपवला, कप विसळला, पालथा घातला. ड्यूटीवर जाताना सायकलपाशी थांबून गुणवंतला म्हणाली, "एक दिवस मागितला होता. मिळाला. पण त्यासाठी मला मरावं लागलं, गुनू. दर वेळी कोण मरेल?" तिच्या आवाजात राग नव्हता. ती ट्रंककॉल लावून देताना जशी बोलायची तशी बोलत होती. त्याच आठवड्यात तिने डेसमंडला पर्थला येते म्हणून लिहिलं. तू पण चल, असं गुणवंतला म्हणाली, दोनदा म्हणाली. आईचं कोण करेल, असं तो म्हणाला. तिने तिसऱ्यांदा विचारलं नाही. बड्या फुहाऱ्याच्या बाजारातून तिने एक लोकरी शाल घेतली आणि ती सासूच्या खोलीच्या उंबऱ्यावर ठेवली. सत्यभामाबाईंनी ती पाण्यातून काढली आणि पुढे पुष्कळ हिवाळे वापरली.

मुंबईच्या गाडीत बसवून देताना गुणवंतने तिला शेंगदाण्यांची पुडी दिली. मागच्या रविवारी तो हरला होता.

ती गेल्यावर नागपूरहून नातेवाईक स्थळं घेऊन आले. एक मावशी तर म्हणाली, "आता काहून थांबून राहिला? ती गेली ना?" चित्रपटात इंग्रज साहेबाची मुलगी नदीत पडल्यानंतर साडीतली मुलगी नायकाचे डोळे पुसायला येते, तसंच त्यांना वाटत होतं. गुणवंतने नाही म्हटलं. का, ते सांगितलं नाही. त्याला स्वतःलाही ते नीट ठाऊक नव्हतं. कागदावर लग्न होतं, ते तसंच राहिलं. एक्क्याऐंशीला आई गेली. तेव्हा त्याला पर्थला जाता आलं असतं. पासपोर्टसाठी त्याने फोटोही काढून घेतले. नंतर ते फोटो निवृत्तीच्या कागदांना लावून टाकले.

आता घरात टीव्ही आहे. रविवारी पर्थहून फोन येतो. मधे एका मालिकेत परदेशी सून आली होती. इंदिराबाईंची सून ती बघायला गुणवंतकडे येऊन बसायची, कारण तिच्या घरी दुसरं काही चालू असायचं. एका रविवारी फोन वाजला तेव्हा मालिका चालू होती.

"काय बघून राहिला?" डोरीनने विचारलं. मराठी तिला अजून येते. तिकडे ती बोलायला दुसरं कुणी नाही.

"सीरियल. गोरी सून आहे."

"गोळी की पाणी?"

गुणवंतने टीव्हीकडे पाहिलं. सुनेने नऊवारी नेसली होती. दारात सासू उभी होती, मागे सनई वाजत होती.

"पाणी," तो म्हणाला. "पण तुळशीला घालून राहिली. आता मारत नाहीत."

खरखरीतून डोरीनने विचारलं,

"तिच्या हातचं खाते का सासू?"

"खाते. सारखी खाते."

"आणि सून तिच्या माहेरचं काही खाते का? स्वतःचं?"

गुणवंतने आठवून पाहिलं. इतके भाग बघूनही ते त्याच्या लक्षात आलं नव्हतं. "नाही," तो म्हणाला. "तसं दाखवलं नाही अजून."

"मग मारलंच की. गोळी," डोरीन म्हणाली. "तू हरला."

बरं, असं म्हणून त्याने फोन ठेवला. इंदिराबाईंच्या सुनेने विचारलं, "काका, आवाज वाढवू का?" वाढव, म्हणाला. मग तो स्वयंपाकघरात गेला आणि डब्यात शेंगदाणे आहेत का ते बघितलं. नव्हते.