पाच तोंडांचा पुठ्ठा

ब्रह्मदेवानं सृष्टी निर्माण केली तेव्हा आमचे साडू जन्माला आलेले नव्हते, हे ब्रह्मदेवाचं नशीब. असते, तर काम आटोपून हात धूत असलेल्या त्या बिचाऱ्याला त्यांनी तिथंच गाठलं असतं आणि चष्मा कपाळावर चढवून विचारलं असतं, "छान झालंय. पण उद्दिष्ट काय होतं आणि साध्य किती झालं?" माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान सांगलीला असतात. तिथल्या एका संस्थेत ते मूल्यमापन अधिकारी आहेत. संस्था सातारा-सांगलीकडच्या तालुक्यांतून बेकार पोरापोरींसाठी करिअर मार्गदर्शनाची शिबिरं भरवते आणि त्या शिबिरांचा कुणाला काही उपयोग झाला का, हे मागाहून जाऊन तपासणं ही साडूंची नोकरी. बाकीची माणसं नोकरी ऑफिसात ठेवून घरी येतात. आमचे साडू ती अंगात घालूनच हिंडतात. झोपतानाही काढत नसावेत, कारण मेहुणी सांगते की सकाळी उठल्याबरोबर ते झोपेचं मूल्यमापन करतात.

त्यांच्या खिशात एक पुठ्ठा असतो. त्यावर ओळीनं पाच गोल तोंडं छापलेली आहेत. पहिलं धाय मोकलून रडणारं, शेवटचं बत्तिशी काढून हसणारं आणि मधली तीन अधल्यामधल्या अवस्थेतली. शिबिर कसं वाटलं, ते पोरांनी एका तोंडावर बोट ठेवून सांगायचं. पण साडू तो पुठ्ठा कुणापुढंही धरतात. एका लग्नात त्यांनी तो मुलीच्या बापापुढं धरला, तर त्यानं पहिल्याच तोंडावर बोट ठेवलं, आणि तेव्हा वऱ्हाड अजून जेवायला बसायचं होतं. मेढ्याच्या एसटीत ड्रायव्हरच्या पाठीमागं बसून ते दर वळणाला पुठ्ठा पुढं करू लागले, तेव्हा ड्रायव्हरनं एका फाट्यावर गाडी थांबवून पुठ्ठ्यासकट त्यांना खाली उतरवलं. एकदा आमच्याकडे साताऱ्याला जेवून झाल्यावर त्यांनी तो माझ्या बायकोपुढं धरला आणि विचारलं, "संसाराबद्दल एकंदरीत?" तिनं मधल्या तोंडावर बोट ठेवलं. त्या तोंडाला धड हसू नाही, धड रडू नाही. तेव्हापासून भाजी मी आणतो.

असा हा पुठ्ठा एकदा त्यांच्यावरच उलटला. पाटण, मेढा, तासगाव, जिथं जिथं ते शिबिराचा उपयोग तपासायला गेले, तिथं तिथं झाडून सगळ्या पोरांनी शेवटच्या, बत्तिशीवाल्या तोंडावर बोट ठेवलं. साडू मनातून हबकले. नोकरी तर एकालाही लागलेली दिसेना आणि हसू तर मावेना! मग एका घरात त्यांना उलगडा झाला. पोराचं बोट रडक्या तोंडाकडं निघालं होतं, तेवढ्यात चुलीपुढून आई ओरडली, "आरं ए मुडद्या, पाव्हणं एवढ्या लांबनं उन्हातानाचं आल्यात, हसरं दाव की!" पोरानं निमूट बोट हसऱ्यावर सरकवलं. आपल्या भागात दारात आलेल्या पाहुण्याचं मन मोडत नाहीत. त्यामुळं साडूंना सगळीकडं चहा मिळत होता, भडंग मिळत होतं, तासगावात तर पिशवीभर बेदाणे मिळाले. खरं उत्तर तेवढं मिळत नव्हतं.

पुढची कल्पना त्यांना तासगावच्या स्टँडसमोरच्या पानटपरीवर सुचली. तिथं दोन टोपीवाले उभे राहून एका मुलाची चौकशी करत होते, लग्नासाठी. टपरीवाला पानाला चुना लावता लावता त्या मुलाचा पाढा वाचत होता: "पोरगं गुणाचं हाय, खोटं कशाला बोलू. पन त्या शिबिरात त्याला सांगितलं, तुजा कल कलेकडं हाय. तवापास्नं नुसतं केस वाढवतंय." साडूंच्या डोक्यात वीज चमकली. आपल्याकडं माणूस एकाच प्रसंगी खरं बोलतो, तो म्हणजे शेजारच्याचं लग्न जमत असताना! त्यांनी तिथूनच मला फोन केला. "साडूभाऊ, टोपी आहे का घरात? तुम्हाला मुलीचा मामा व्हायचंय." साडूंना मुलगी नाही. मुलगे आहेत, ते पुण्याला. पण असल्या क्षुल्लक अडचणीनं थांबणारे ते नव्हेत, आणि सोंग म्हटलं की मीही मागं राहणारा नव्हे.

आठवडाभर आम्ही दोघं टोप्या घालून मुलं बघत हिंडलो आणि काय सांगू, सत्याचा नुसता पूर आला. कुणाला शिबिरात हॉटेल मॅनेजमेंटचा सल्ला मिळाला होता आणि त्यानं सलून काढून झकास चालवलं होतं. कुणी चाकणला जाऊन कंत्राट संपल्यावर परत आला होता आणि गावात अजून 'सुट्टीवर आलोय' म्हणून सांगत होता. साडू उसाच्या आडोशाला जाऊन भराभरा टिपून घेत. आनंदानं त्यांचं वजन वाढलं.

आणि मग आम्ही पाटणजवळच्या एका वाडीत शिरलो. चौकशी करायची होती प्रकाश नावाच्या मुलाची. वय तिशीला टेकलेलं, पदवी झालेली, संस्थेचं एकही शिबिर त्यानं चुकवलेलं नव्हतं. आम्ही किराणा दुकानात त्याचं नाव काढायचा अवकाश, दुकानदारानं आम्हाला गोळ्या-बिस्किटांत गुंतवलं, पाठीमागून प्रकाशच्या घरी फोन लावला आणि मग आम्हाला तिकडंच धाडलं. हल्ली आमच्याकडं पोराला घर असतं, रान असतं, पण 'नोकरी काय?' या प्रश्नाशी सगळं अडतं. मुलीकडचे आपण होऊन दारात येतायत म्हटल्यावर वाडीत काय झालं असेल! आम्ही पोचेपर्यंत अंगणात सडा पडला होता, आत कांदा चिरला होता, खुर्च्यांवर टॉवेल अंथरले होते. प्रकाशचे वडील लष्करातले निवृत्त सुभेदार, ते कोट घालून उंबऱ्यावर ताठ उभे होते. एवढंच नव्हे, फाटकाबाहेर आणखी तिघी बायका डोक्यावरचा पदर सावरत थांबल्या होत्या. "आवं पाव्हणं, हितलं झालं की आमच्याकडं बी या," एक म्हणाली. "आमच्याचं टायपिंग झालंय," दुसरी म्हणाली. तिसरी नुसती हात जोडून उभी राहिली.

आत प्रकाश इस्त्रीच्या शर्टात बसला होता. त्याच्या आईनं पोहे पुढं ठेवले, ठेवणीतल्या लुगड्याचा पदर खोचला आणि विचारलं, "पोरीचं नाव काय वं?" जन्मभर साडूंनी जगाला प्रश्न विचारले होते. त्यांना कुणी विचारण्याची ही पहिलीच वेळ असावी. ते माझ्याकडं बघू लागले. मी मुलीचा मामा! मी सुटलो. नाव सुनीता, बी.कॉम., उंची बेताची, रंग गव्हाळ, भाकरी अशी थापते की परातीनं लाजावं, आणि बोलणं असं मऊ की म्हैससुद्धा वळून बघते. "म्हशीचं करती व्हय?" त्या माउलीचा चेहरा असा उजळला की घरात दुसरा दिवा नको. मी आता सुनीताच्या शिवणकामाकडं वळणार, एवढ्यात साडू ओरडले, "थांबा!"

त्यांनी टोपी काढली, खिशातला पुठ्ठा काढून टेबलावर ठेवला आणि सगळं सांगितलं. मुलगी नाही, स्थळ नाही, शिबिराचं मूल्यमापन आहे. सुभेदार उठून उभे राहिले. मी दाराचं अंतर डोळ्यांनी मोजलं. तेवढ्यात प्रकाश हसला.

"बसा सर. मी तुम्हाला फाटकातच वळखलं हुतं. पाटणच्या शिबिरात मी हसऱ्या तोंडावर बोट ठेवलं हुतं की!"

"मग बोलला का नाहीस रे?" साडूंनी विचारलं.

"फोन आल्यापास्नं आई गुणगुणत हुती. लय दिवसांनी. म्हटलं, पोहं हुईस्तोवर तरी ऱ्हाऊ दे."

त्याची आई आत निघून गेली. आता ही येत नाही, असं वाटेपर्यंत ती बाहेर आली, हातात लिंबाच्या फोडी घेऊन. "पिळून खावा," ती म्हणाली. "गार व्हायल्यात."

साडूंनी पोह्यांवर लिंबू पिळलं. मग त्यांनी विचारलं, "त्या शिबिरांचा खरंच काही उपयोग होतो का रे?" पुठ्ठ्याला त्यांनी हात लावला नाही. प्रकाश म्हणाला, "नोकरी न्हाई लागत, सर. पण त्या दिवशी शर्टाला इस्त्री करून घरातनं निघता येतं. वाटंत कुणी 'कुठं चाललास रं?' म्हटलं, तर सांगायला काहीतरी असतं."

आम्ही निघालो तशा फाटकावरच्या बायका पुढं झाल्या. सुभेदार त्यांना मोठ्यानं म्हणाले, "पाव्हणं पत्रिका न्यायला आल्यात. बघून कळवणार हायत." आणि खरोखरच आत जाऊन त्यांनी मुलाची पत्रिका आणली आणि साडूंच्या हातात दिली. खालच्या आवाजात म्हणाले, "आलायसा तर न्या." साडूंनी ती दोन्ही हातांनी घेतली. परतीच्या वाटेवर त्यांनी रस्त्याचं, एसटीचं, चहाचं, कशाचंही मूल्यमापन केलं नाही.

अहवालात त्यांनी काय लिहिलं ते मला माहीत नाही. ज्यात त्यात मत देणारा हा माणूस त्याबद्दल बोलत नाही. पण हल्ली ते लग्नाला गेले आणि खिशात हात घातला की बाहेर पुठ्ठा येत नाही, पत्रिका येते. घड्या पडून ती आता मऊ झाली आहे. "आमच्या बघण्यात एक मुलगा आहे," ते सुरू करतात, "समजूतदार." समोरचा विचारतो, "नोकरी काय?" आणि आमचे साडू, जे ब्रह्मदेवालाही निरुत्तर करतील, ते पत्रिकेची घडी घालू लागतात.

परवा मी सांगलीला गेलो तेव्हा ते फोनवर बोलत होते. "उद्या पाटणला शिबिर आहे. येतोयस ना? शर्टाला इस्त्री कर." मग म्हणाले, "आईला दे जरा." पलीकडून काय विचारलं गेलं ते ऐकू आलं नाही, पण अंदाज आला. "व्हय वहिनी," साडू म्हणाले, "बघतोय. आता खरंच बघतोय."

फोन ठेवून ते खिडकीबाहेर बघत बसले. मेहुणीनं चहा आणून ठेवला, त्यावर साय धरली. वातावरण हलकं करावं म्हणून मी त्यांच्या खिशातला पुठ्ठा काढून त्यांच्याच पुढं धरला. त्यांनी ती पाचही तोंडं पहिल्यांदाच बघत असल्यासारखी एकेक करून पाहिली. बोट कुठंच ठेवलं नाही.

"साडूभाऊ," ते म्हणाले, "तुमच्या साताऱ्याकडं कुणाची पोरगी असली तर सांगा हो."