पुढचा टायर आणि उघाडीजवळचं वळण

आमच्या उरणच्या सायकल ग्रुपमध्ये किलोमीटर कमी आणि किस्से जास्त जमतात. रविवारी सकाळी वीस किलोमीटर मारायचे म्हणून निघतो, बारा होतात. उरलेल्या आठांच्या जागी काहीतरी घडलेलं असतं! या हिवाळ्यात तर जे जे घडलं ते सगळं एकाच गोष्टीवरून घडलं. माझ्या माउंटन बाइकचा पुढचा टायर.

ग्रुप म्हणजे तिघंच. मी न्हावा शेव्याच्या एका कंटेनर यार्डात कागदपत्रं बघतो. किशोरचे स्वतःचे दोन ट्रेलर आहेत. आणि ठाकूर सर केमिस्ट्री शिकवून रिटायर झालेत, पण शिकवायचे थांबलेले नाहीत.

“थंडीत कोकणात कसला आलाय चिखल?” असं पनवेलची मंडळी आम्हाला विचारतात. त्यांनी पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला आमच्या मिठागरांच्या बांधावर यावं. भरतीचं पाणी बांधावर चढतं, वरून पहाटेचं दव. माती वरून सुकल्यासारखी दिसते आणि आत लोणी! त्यात एक वळण आहे, उघाडीजवळचं. उघाडी म्हणजे खाडीचं पाणी अडवायचं लाकडी दार. त्या दारासमोर मी दोनदा पडलो. दोन्ही वेळा पुढचं चाक सटकलं. दुसऱ्या वेळी मनगट तीन आठवडे प्लास्टरमध्ये होतं.

माझी बायको मनीषा शाळेत शिकवते, त्यामुळे ती आरडाओरडा करत नाही, निकाल सांगते. “तिसऱ्यांदा पडलात तर सायकल दिवेआगरला जाईल. दादाच्या होमस्टेला. पाहुणे चालवतील बीचवर.”

आठवडाभर मी कंटेनरचे नंबर वाचतो. रविवारी त्या बांधावर, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला पाणी, तेवढा एक तास डोक्यात एकही नंबर नसतो. तो तास मला घालवायचा नव्हता. म्हणून ठरवलं, पुढचा टायर असा घ्यायचा की चाक सटकलंच नाही पाहिजे. पण कुठला?

*

किशोरला विचारलं. तो म्हणाला, “अरे, टायरमध्ये आपली जिंदगी गेली. तुझा टायर ठीक हाय, हवा कमी हाय!”

मी म्हटलं, चिखलात हवा कमीच ठेवतात असं वाचलंय. तो म्हणाला, “वाचलंय!” आणि मला सायकलसकट त्याच्या ट्रेलरच्या यार्डात घेऊन गेला. ट्रेलरच्या कॉम्प्रेसरचा पाइप माझ्या पुढच्या चाकाला लावला आणि तो चहावाल्याशी बोलायला लागला.

असा आवाज झाला की यार्डातला एक ड्रायव्हर ट्रेलरखाली शिरला आणि वॉचमनने कुणी न सांगता शिटी मारली. चहावाल्याचे दोन ग्लास गेले.

धूळ बसल्यावर किशोर शांतपणे माझ्या चाकाजवळ आला, फाटलेली ट्यूब बोटात धरून बघितली आणि म्हणाला, “बघ, मी बोललो ना? टायर बदलायलाच हवा!”

*

ठाकूर सरांचं म्हणणं, हवेचा प्रश्नच नाही, रबर किती मऊ आहे ते महत्त्वाचं. त्यांनी प्रयोग करायचा ठरवला. जुन्या टायरांचे चार तुकडे जमवले, बांधावरची ओली माती आणली आणि ती आमच्याच परातीत थापली. परात मनीषाची, भाकरीचं पीठ मळायची. शाळेतला जुना स्प्रिंगचा ताणकाटा लावून सर एकेक तुकडा चिखलावरून ओढत होते आणि मी आकडे लिहीत होतो. माझ्या चपलेचा एक तुकडा मध्ये कसा घुसला ते आम्हाला दोघांनाही कळलं नाही.

तासाभराने सरांनी वही बंद केली. चेहरा गंभीर.

“सर, कुठला टायर जिंकला?”

“चप्पल,” सर म्हणाले. “निष्कर्ष असा की वळणावर उतरावं आणि चालत जावं.”

मनीषाने परात माझ्याकडून सात वेळा घासून घेतली.

*

मग बाजारातल्या सलीमभाईंच्या दुकानात गेलो. त्यांनी तीन टायर काउंटरवर मांडले. एकाचे दाणे उंच आणि विरळ, एकाचे बुटके आणि दाट, एक नुसताच रुंद. “चिखलासाठी कुठला?” म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी औषध मागतोय आणि आजार सांगत नाहीये.

“मिट्टी कैसी है? चिपकती है या फिसलाती है? थोडी लेके आओ, देखके बताता हूं.”

दुसऱ्या दिवशी कामावर जाताना बांधावरची माती डब्यात भरली. संध्याकाळी दुकानात नेऊ म्हटलं. गेटवर सिक्युरिटीने बॅग उघडली, डबा उघडला.

“ये क्या है?”

घाईत मी म्हणालो, “सँपल.”

आमच्या यार्डात हा शब्द जपून वापरायचा असतो, हे तोंडातून गेल्यावर आठवलं. सँपल म्हटलं की ते कंटेनरमधूनच काढलेलं. त्याने लगेच रजिस्टर ओढलं. “कंटेनर नंबर?”

“कंटेनरचं नाही हो, बांधावरचं आहे.”

“बांध का नंबर?”

डब्याला चिकटपट्टी लागली, वर माझी सही झाली आणि तो दोन दिवस आमच्या साहेबांच्या कपाटात ‘हात लावू नये’ अशी चिठ्ठी लावून बसला. सुटला तेव्हा आतली माती दगड झाली होती. सलीमभाईंनी ती काउंटरवर ठोकून बघितली आणि म्हणाले, “इसके लिए तो कोई भी टायर चलेगा!”

*

मनीषाचं माहेर त्या बांधालगतच्या गावात. तिथले हिराकाका, सत्तरी ओलांडलेले, उभा जन्म मिठागरात गेला. नात्याने मी त्यांचा जावई. एका शनिवारी सासरच्या ओटीवर आम्ही तिघं मोबाइलवर टायरांचे फोटो बघत भांडत होतो, तेव्हा काका येऊन बसले.

“जावाय, त्या वलनावर आमी डोक्यावर मिठाची पाटी घेऊन जायचो. कदी पडलो न्हाय.”

“कसे काय, काका?”

“पायाचा आंगठा रोवायचा. तुमच्या सायकलीला आंगठा हाय कुठं?”

ठाकूर सरांनी हे वहीत लिहून घेतलं.

“आनि लयच निसरडं झालं तर आमचे म्हातारे भाताच्या टरफलांचा तूस टाकायचे वर. गोनीभर टाकला का बैलपन सरकत न्हाय.”

“काका, आता टेक्नॉलॉजी आली,” किशोर म्हणाला आणि आम्ही परत फोटोंकडे वळलो. मनीषा तिथेच वाल सोलत बसली होती.

*

शेवटी मी डोळे मिटून उंच दाण्यांचा टायर उचलला. तो बसवताना वेगळंच. टायरवर एक बाण असतो, चाक कुठल्या दिशेने फिरणार ते दाखवणारा. किशोर म्हणाला, बाण पुढे. सर म्हणाले, पुढे म्हणजे चाकाच्या वरच्या बाजूने पुढे की खालच्या? चाक तीनदा निघालं, तीनदा बसलं. शेवटी सलीमभाईंनी आम्हा तिघांना दुकानाबाहेर उभं केलं आणि शटर अर्धं ओढून घेतलं.

पण काय टायर निघाला महाराजा! पहिल्या रविवारी वळणावर आलो, हँडल वळवलं, आणि चाक जमिनीला धरून राहिलं. दुसरा रविवार, तिसरा, चौथा. मधे अमावास्येचं उधाणसुद्धा येऊन गेलं! मला बालवाडीतल्या पोरासारखा आनंद झाला, खोटं कशाला सांगू. टायरच्या खाचांत चिखलाबरोबर तूस अडकलेलं असायचं. सर म्हणाले, खळ्यावरून उडून येत असेल. मी म्हटलं, बघा, दाणे किती खोल, काहीही पकडतात!

किशोर आणि सरांनी लगेच तोच टायर घेतला.

चौथ्या रविवारी दोघं आमच्याकडे जेवायला थांबले. तांदळाच्या भाकऱ्या, सुकट. दारात तीन सायकली, तिन्हींना एकसारखे पुढचे टायर. मी रबर, दाणे, हवा यांवर बोलत होतो आणि दोघं माना डोलवत होते. मनीषा भाकऱ्या थापत होती. मी तिला म्हटलं, “बघ, सायकल काही दिवेआगरला जात नाही!”

“नाही जात,” ती म्हणाली.

तेवढ्यात हिराकाका दारात आले. काखेत दोन रिकाम्या गोण्यांची घडी. आम्हाला बघून हसले, तिन्ही सायकलींचे टायर वाकून वाकून बघितले आणि आत वाकून हाक मारली.

“मनीबाय, या तुज्या गोनी. शनवारचा तूस वलनावर सगला संपला. पुढल्या उधानाला जास्ती लागंल गो. आता तिघांचंबी टायर नवीन हाय!”

तव्यावरची भाकरी उलटत मनीषा म्हणाली, “बसा काका, गरम भाकरी खाऊन जा.”