त्या दिवशी तिघं गेली

गाव सोडलं त्या दिवशी टेम्पोत सामान फार नव्हतं. एक कपाट, दोन पलंग, भांड्यांची तीन पोती, मुलांच्या सायकली आणि सगळ्यात शेवटी चढवलेलं माझं वेल्डिंगचं मशीन. टेम्पोवाला चाकणचा, त्याला आमच्याकडची काही माहिती नव्हती. गाडी सुरू करता करता त्यानं सहज विचारलं, "पुलावरनंच काढायची ना?" निरोप द्यायला जमलेली दहा-पंधरा माणसं सामानाच्या दोऱ्या ताणून बघायला लागली. शेवटी माझी मुलगी म्हणाली, "पूल पडलाय काका. मागनं जावं लागतंय." मग त्यानं टेम्पो उलटा वळवला आणि काळेवाडीला निघालेलो आम्ही आधी चौदा किलोमीटर भलत्याच दिशेला गेलो. आई थोरल्या भावाच्या दारात उभी होती. "रविवारचं जेवाया येत जा," एवढंच म्हणाली, जसा काही मी शेजारच्या आळीत राहायला चाललो होतो.

तसं बघितलं तर होतं तसंच. काळेवाडीहून गाव तीस-पस्तीस किलोमीटर. ह्याला स्थलांतर म्हटलं तर लोक हसतील. मी आकुर्डीजवळ एका शॉपमध्ये कंपन्यांसाठी ट्रॉल्या बनवतो. माझ्या शेजारच्या टेबलावर लातूरकडचा बालाजी आहे. दिवाळी आली की तो दोन मोठ्या बॅगा भरतो, दहा-बारा तास बसमध्ये अंग आंबवून घेतो आणि गावी जातो. मला म्हणतो, "तुमचं बरं हाय राव, तुमी लोकल. किक मारली की घरी." मी हो म्हणतो. गेल्या साडेतीन वर्षांत बालाजी सात वेळा गावी गेला. परवापरवापर्यंत मी दोनच वेळा गेलो, तेही आई आजारी म्हणून, आणि चहा पिऊन परत फिरलो.

आता आपला नवा पूल झाला. उद्घाटनाच्या निमित्तानं गाव स्मरणिका काढतंय. बाहेर स्थायिक झालेल्यांनी गावाच्या आठवणींवर दोन शब्द लिहावेत, असा मेसेज ग्रुपवर आला. कुणी मोशीला गेलाय, कुणी दुबईला, ते सगळे छान लिहितील. मी हातात वेल्डिंगचा होल्डर धरणारा माणूस, माझं दोन शब्दांत भागणार नाही. शिवाय मी जे लिहिणार आहे ते स्मरणिकेत छापतात की नाही, मला ठाऊक नाही.

आधी इथलं सांगतो. आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो, खाली पिठाची गिरणी आहे. वाईट काही नाही. पाणी येतं, मुलांना शाळा जवळ आहे, बायकोनं घरीच शिवणकाम धरलंय. शेजारी चांगले आहेत, पण ते मला 'वेल्डिंगवाले मामा' म्हणून ओळखतात, त्यापलीकडे नाही. पवनेवरच्या पुलावरून रोज कामाला जावं लागतं. संध्याकाळी तिथं गर्दी तुंबली की मी स्कूटरवर बसून पुढं किती ट्रक आहेत ते मोजतो. चांगला भक्कम पूल आहे, माझ्यासारख्या दहा हजारांना रोज पार करतो. तरी पुढचा ट्रक पलीकडे उतरेपर्यंत मी स्कूटर पुढं घेत नाही. मागून हॉर्न वाजतात आणि मला वाटतं, ही सगळी माणसं किती निवांत आहेत.

रविवारी मी घरीच असतो. बायको म्हणते, जाऊन या ना गावाला. मी म्हणतो, पुढच्या रविवारी.

मुलांच्या शाळेसाठी गाव सोडलं, असं आम्ही सांगितलं. तुम्हीही तसंच सांगता. खरं कारण तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे, पण मुलांना नाही आणि बाहेर गेलेल्यांना नाही, म्हणून पहिल्यापासून लिहितो.

जुना पूल लोखंडी, अरुंद आणि खालून गंजलेला. सरकारी माणसांनी पाहणी केली, धोक्याची पाटी लावली आणि गावाकडच्या तोंडाशी मधोमध एक लोखंडी खांब रोवून गेली. चालणारा जाईल, दुचाकी जाईल, चारचाकी जाणार नाही. त्यांचं बरोबरच होतं. वर्षभर आपण चौदा किलोमीटरचा वळसा घातला. मग कांदा निघाला, चाकणच्या बाजाराला गाड्या लागायला लागल्या आणि गावाचा धीर सुटला. देवळात बैठक बसली. कुणी म्हणालं, खांब कापून टाका. मी म्हणालो, कापला तर केस होईल, मी दुसरं काहीतरी करतो.

आणि केलं. खांब बुडातून कापला, जमिनीत जाड पाइप पुरला, खांब त्या पाइपात अलगद बसेल असा केला. साहेब येणार असं कळलं की खांब आत, साहेब गेले की खांब बाहेर. वर काळे-पिवळे पट्टे ओढले, जवळून बघितलं तरी कळू नये असे. माझा लहानपणापासूनचा दोस्त बबन खांब धरून उभा होता. "इलास, तुज्या डोक्याला तोड न्हाई राव," म्हणाला. त्याची बायको सुलभावहिनी चहा घेऊन आली होती, तीही हसली. नारळ फोडला. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी माझी छाती फुगली होती. आयुष्यात इतक्या खिडक्या-दारं केली, पण गावानं वाखाणलं ते हे काम.

पुढं पुढं खांब आत घालायचाही कंटाळा यायला लागला. दोन वर्षांत तो देवळामागच्या गवतात जाऊन पडला तो पडलाच.

पूल पडला ती रविवारची सकाळ होती. ऊन पडलेलं, नदीला पाणी बेताचं. पावसाला दोष द्यायलाही जागा नव्हती. बबन कांद्याची पोती भरलेली पिकअप घेऊन पुलावर चढला होता. मागून हमीदचाचा पायी चालले होते, पलीकडे रस्त्याला त्यांचं पंक्चरचं दुकान होतं. आणि रेश्मा होती, परभणीकडची मुलगी, आपल्या आळीत खोली घेऊन राहायची, ओव्हरटाइमला कंपनीची बस पकडायला निघाली होती. आवाज ऐकून मी माझ्या वेल्डिंगच्या दुकानातून धावलो. पुलाचा मधला भाग नव्हताच. माणसं पाण्यात उड्या घेत होती. मीही निघालो, तेवढ्यात एका वडीलधाऱ्या माणसानं माझा दंड धरला. "इलास, आदी खांब," एवढंच म्हणाले. मला लगेच कळलं. त्यांचं नाव लिहीत नाही, ते आता हयात नाहीत, आणि हात माझे होते.

मी देवळामागं गेलो. गवतातून खांब ओढला, खांद्यावर घेतला, पाइपाच्या शेजारी आणून टाकला. शर्टानं त्याचा चिखल पुसला. बबननं आत्ताच उपसून ठेवलाय असं दिसावं म्हणून. मग मी पाण्यात उतरलो. बबनला बाहेर काढलं तेव्हा तो गेला होता. थोडं आधी उतरलो असतो तर काही झालं असतं का? डॉक्टर नाही म्हणाले. मी त्यांना दोनदा विचारलं, अजूनही मनात विचारतो.

चौकशीला साहेब आले. एकेकाला बोलावलं. खांब कायम बसवलेला असायचा, त्या दिवशी बबननं काढला असेल, तो निघता कुणी केला ते ठाऊक नाही, असं सगळं गाव एका सुरात बोललं. कुणी कुणाला पढवलं नव्हतं. मेलेल्याला कोण काय करणार, जित्या माणसाला कशाला अडकवायचं, हे न सांगताच सगळ्यांना कळलं होतं. माझी पाळी आली तेव्हा मीही तेच बोललो. "बबननंच काढला असंल साहेब." कागदावर माझी सही आहे.

त्यानंतर तुम्ही माझ्याशी किती चांगलं वागलात! काम नसताना दुकानात काम घेऊन यायचात. धड असलेलं फाटक दुरुस्तीला आणायचात. चूक माझी आहे असं एकाच्याही तोंडून आलं नाही. मी विषय काढायला गेलो की, "जाऊ दे, इलास, झालं ते झालं." आणि तिकडे बबनच्या पोराला शाळेत पोरं म्हणायला लागली, तुज्या बापानं पूल पाडला. मी ते स्वतःच्या कानांनी ऐकलं आणि ऐकून पुढं गेलो. लहानपणी आई म्हणायची, "बाहेरनं कळलं तर मार खाशील, आपणहून सांगितलंस तर निम्मा." मला निम्माही मिळेना. सहा महिन्यांनी टेम्पो बोलावला.

पूल नव्हता त्या वर्षांत तुम्ही गुळाच्या काहिलीत बसून नदी पार करायचात, त्याचे व्हिडिओ मी शॉपमध्ये जेवणाच्या सुट्टीत बघायचो. ह्या काठापासून त्या काठापर्यंत दोर बांधलेला आणि काहिलीला कड्या जोडलेल्या. एकदा मी व्हिडिओ थांबवून त्या कड्या मोठ्या करून पाहिल्या. वेल्डिंग अगदी कच्चं होतं. कुणाकडून करून घेतलं देव जाणे. माझा नंबर सगळ्यांकडे आहे, पण 'त्याला कशाला त्रास' म्हणून मला फोन केला नसणार. त्या दिवशी मला डबा गेला नाही. शिव्या दिल्या असत्यात तर इतकं लागलं नसतं.

आता का लिहितोय ते सांगतो. स्मरणिकेच्या मेसेजमध्ये शेवटी एक ओळ होती, 'पूल दुर्घटनेत प्राण गमावलेल्या दोघांना भावपूर्ण श्रद्धांजली.' मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. दोघांना. हमीदचाचा आणि रेश्मा. तिसरा माणूस तुमच्या लेखी मेलाच नाही.

लगेचच्या रविवारी मी गावात सुलभावहिनीकडे गेलो. ती आता खोल्यांवर राहणाऱ्या कामगारांना डबे देते. चपात्या लाटत होती. मला बघून म्हणाली, "या भावजी. चार वर्सांनी वाट घावली व्हय?"

मी उभ्या उभ्याच बोललो. "वहिनी, बबननं खांब काढला न्हाई. खांब गवतात हुता. मी आणून ठिवला."

तिचं लाटणं थांबलं नाही. "खांब गवतात पडलाय हे गावातल्या शेंबड्या पोराला ठाऊक हुतं. मला न्हाई व्हय?"

"मग तुमी बोलला का न्हाई?"

"बोलले की. तीनदा बोलले. साहेबांच्या समोर पण बोलले. बाई दुक्खात हाय, काय पण बोलती, म्हणले समदे." मग तिनं पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "तुमी आणून ठिवला हे तेवढं ठाऊक नव्हतं."

मी रडलो. ती नाही रडली. चपाती तव्यावर टाकून म्हणाली, "माज्या कानात सांगून माजा मालक सुटत न्हाई, भावजी. माज्या पोराला तोंड वर करून चालता येत न्हाई. जितं खोटं बोललात तितं सांगा."

बस म्हणाली नाही, पाणी विचारलं नाही. मी बसलोच नव्हतो, उभाच होतो, तसाच निघालो. गावात आजवर कुणाच्या घरून मी असा कोरडा बाहेर पडलो नव्हतो. आणि काय सांगू, परत येताना इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मला गावाला जाऊन आल्यासारखं वाटलं.

तर मी विलास, जुन्या पुलावरचा खांब निघता केला तो मी. पूल पडल्यावर गवतातला खांब उचलून पाइपाशेजारी ठेवला तो मी. बबननं खांब काढला असं खोटं लिहून दिलं ते मी. जबाब बदलून द्यायचा आहे असा अर्ज मी परवा चौकशीच्या साहेबांकडे देऊन आलो. त्याचं जे व्हायचं ते होईल, बायकोला सगळं सांगितलंय, मुलांनाही. तुमच्यातल्या कुणाचं नाव मी घेतलेलं नाही, घेणार नाही. प्रत्येकानं आपापलं बघावं. फक्त मेसेजमधली ती ओळ तशीच छापू नका. त्या दिवशी तिघं गेली.

काळेवाडीत मला कुणी वाईट बोलत नाही, कारण कुणाला माझं काही माहीत नाही. गावात कुणी वाईट बोलत नाही, कारण सगळ्यांना सगळं माहीत आहे. दोन्हीकडे मी सारखाच परका झालो. तुमची माया होती, हे मला कळतं. पण त्या मायेत मला राहता आलं नाही आणि बबनला तर मरायलाही जागा उरली नाही.

उद्घाटनाला मी येणार आहे. मंडपात बसणार नाही, पुलाच्या गावाकडच्या तोंडाशी उभा राहीन. लेख छापला नसेल तर तिथंच वाचून दाखवीन. ज्याच्या मनात जे असेल ते त्यानं माझ्या तोंडावर बोलावं, बायांनी, पोरांनीसुद्धा. मी ऐकून घ्यायला घरी येतोय.