शुक्रवारी लूम बंद असतात

किस्से ठरवून गोळा करता येत नाहीत. आपण भलत्याच कामाला जातो आणि ते पायात येतात. भिवंडीत घरी एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांशी जाऊन बोलायचं, एवढंच मी आणि माझा कॉलेजचा मित्र नीलेश यांनी ठरवलं होतं. लोक म्हाताऱ्यांना चादरी वाटतात, फोटो काढतात नि पळतात. अरे, बसा की जरा!

*

पहिलं घर आनंदीआजीचं. चारी बाजूंना गोदामं, मधे तीन मजली बंगला आणि आत ती एकटी. मी बीपीचं मशीन, स्मरणशक्तीचे खेळ असं काय काय पिशवीत भरून गेले.

"डॉक्टर हायस?"

"नाही आजी. गप्पा मारायला आलेय."

"मग मशीन कशाला? बस. तू आलीस म्हणून आज गॅस पेटवते. एकटीसाठी कोण रांधतो!"

त्या दिवशी मी दोनदा जेवले. बीपी माझंच मोजायला हवं होतं!

*

आजी एकटी असली की चहा-बिस्किटांवर राहते, हे तिच्या मुलाला, दिनेशदादाला, ठाण्यात बसून कळत होतं. "दिवाळीनंतर तुला फ्लॅटवरच नेतो," त्याने फोनवर सांगून टाकलं.

आजीने फोन ठेवला नि माझ्याकडे वळली. "चौदाव्या मजल्यावरून मी हाक कोणाला मारू? घारींना?"

 दिवाळीपर्यंत मला यावर काहीतरी शोधायला हवं होतं.

*

दुसरं घर गोपाळकाकांचं. हे जन्मभर लूमवर जॉबर, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारे. खटखटाटात बोलून बोलून त्यांचा आवाज कायमचा चढलेला. आम्ही दर रविवारी नेमाने जायचो. काका जांभया द्यायचे. एकदा ओरडलेच, "रविवारी कशाला येता रे? रविवारी शेजारी लूम चालू असतात, सोबत असते. शुक्रवारी सगळं बंद! घर खायला उठतं!"

भिवंडीत जन्मून आम्ही सुट्टी रविवारची धरून बसलो होतो! दोघांनी एकमेकांना मनसोक्त शिव्या घातल्या आणि ऑफिसात भांडून शुक्रवारी सकाळची शिफ्ट घेतली.

*

मग मला वाटलं, दोन माणसं वेगवेगळी एकटी कशाला? नीलेशने काकांना बाइकवर बसवून आजीच्या ओट्यावर आणलं. काका अवघडले. काहीतरी बोलायचं म्हणून बोलले, "बंगला मस्त आहे तुमचा!"

गोदामामागच्या घरातली वहिनी धावत आली. "काय झाला? कोण भांडतो?" तिच्या मागून तिची सासू, पलीकडच्या दोघी.

"भांडत न्हाय, बोलतोय," आजी म्हणाली. "आलात तर बसा आता."

पुढच्या शुक्रवारी काका ओरडायच्या आधीच त्या सगळ्या हजर! आजीने मला बाजूला घेतलं. "याला दर शुक्रवारी आण. भोंगा बरा हाय!"

*

आजी एके काळची धवलारीण. म्हणजे लग्नात धवळ्यांची गाणी गाऊन सगळे विधी पार पाडणारी. वहिनीची मुलगी पूजा म्हणाली, "माझ्या हळदीला डीजे आहे, पण धवळे कोणाला येतात?"

"मी मेले काय?" आजी कडाडली.

झालं! शुक्रवारी ओट्यावर तालीम सुरू झाली. आजीचा गॅस दोन्ही वेळा पेटायला लागला, कारण तिच्या मते उपाशी पोटी सूर लागत न्हाय.

*

दिवाळी झाली आणि एका शुक्रवारी दिनेशदादा आईला न्यायला आला. वाटेत तिला फोन करत होता, ती उचलत नव्हती. फाटकाशी पोचला तर बाहेर चपलांचा हा ढीग! मांडव नाही, बँड नाही आणि एवढ्या चपला. गावात याचा अर्थ एकच. गाडीचं दार उघडंच टाकून तो धावला.

"आई गं!"

ओटा पुरत नाही म्हणून आत बसलेल्या पंधरा-वीस बायका आणि मधोमध डोळे मिटून गाणारी आजी. तिने एक डोळा उघडून त्याला पाहिलं. पण धवळा अर्धा सोडत नाहीत. हातानेच खूण केली, बस.

दिनेशदादा मटकन बसला नि ढसाढसा रडायला लागला. गोपाळकाकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्यांच्या मते अगदी कानात सांगितलं, "रडू नको रे! जिंदा है!"

पलीकडच्या गोदामातले हमाल बाहेर आले.

धवळा पुरा झाला. आजीने पदराने घाम पुसला.

"आलास? बरा झाला. दूध संपलाय, दोन पिशव्या आण. नि असाच शुक्रवारचा येत जा. तिकडं कंटाळत असशील."