मिठाच्या काचेला कुंकू

टोकावड्याच्या पुढे डांबरी रस्ता सोडून खाली उतरलं की एक वाडी लागते. घरं वीस-बावीस. जमीन कुणाचीच नाही, त्यामुळे बांधावरून भांडणंही नाहीत. दिवाळी झाली की निम्मी वाडी वीटभट्टीवर जाते आणि पावसाच्या तोंडाला परत येते. त्या वाडीतली यमू मात्र नऊ वर्षं भट्टीवर गेलेली नाही. ती सकाळच्या एसटीने मुरबाडजवळच्या एका कारखान्यात जाते आणि दगडांचा आंबटपणा मोजते.

हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा धाऊ म्हातारा पोट धरून हसला होता.

"मोजतेस कशी गो? चाटून?"

"चाटायचं काम साहेबांकडं हाय," यमू म्हणाली. "ते पण दगड नाय, मोठ्या साहेबांचे पाय."

तिला गावात कुणी फारसं छेडत नाही, ते यामुळे.

तो दगड म्हणजे खरं तर पांढरी भुकटी. डोळ्यांना रांगोळीसारखी दिसते, पण आतून मधाचं पोळं. इतकी बारीक भोकं की सुईच्या टोकावर अख्खं गाव मावेल. त्या भोकांच्या भिंतींवर आंबट जागा असतात. तेल शुद्ध करणाऱ्या कारखान्यांत जाड तेलाचे बारीक तुकडे याच जागा करतात. आंबटपणा दोन जातींचा, एक आपल्याकडचा कण देणारा आणि एक दुसऱ्याचा घेणारा. कुठला किती, ते कळल्याशिवाय माल विकला जात नाही.

मोजायची रीत अशी. चिमूटभर भुकटी दाबयंत्रात दाबून तिची चकती करायची, कांद्याच्या सालीइतकी पातळ. ती निर्वात कोठडीत रात्रभर तापवून आतलं पाणी घालवायचं. मग पिरिडीन नावाच्या, नाक फिरवणाऱ्या वासाच्या द्रवाची वाफ आत सोडायची. ती प्रत्येक आंबट जागेवर जाऊन बसते. उरलेली वाफ काढून घेतली की चकतीतून तांबड्याच्या पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा उजेड सोडायचा. पडद्यावर रेघ उमटते. त्या रेघेत पंधराशे पंचेचाळीसच्या आकड्यापाशी खड्डा पडला तर देणारा आंबटपणा, चौदाशे पंचावन्नपाशी पडला तर घेणारा. खड्डा जितका खोल तितका आंबटपणा जास्त.

चकती करणं हे यमूचं काम. झाडू मारायला म्हणून ती तिथे लागली. शिकलेल्या पोरांच्या चकत्या तडकतात हे बघून एक दिवस तिने हात पुढे केला. विटेची माती किती दाबली की धरते आणि किती दाबली की फुटते, हे तिच्या तळहाताला ठाऊक होतं. तेव्हापासून चकती तिचीच. कोठडीला दोन गोल काचा असतात, त्यांची राखणही तिचीच. काच म्हणायचं इतकंच; साध्या काचेतून तो उजेड जात नाही, म्हणून त्या एका जातीच्या मिठाच्या असतात. पाण्याचा थेंब लागला की विरघळतात. श्वास लागला तरी धुरकटतात. त्यांच्याजवळ जाताना यमू तोंडाला फडकं बांधते, आणि कुणी खोकलं तर त्याच्या सात पिढ्यांची विचारपूस करते.

एवढं असून ती कंत्राटी. यंदा मात्र दसऱ्यानंतर कायम करायच्या माणसांची यादी जाणार होती, आणि प्रयोगशाळेतून एकच नाव होतं, यमूचं. कायम झालं की कंत्राटदार एका सकाळी "उद्यापासून येऊ नको" म्हणू शकत नाही. यमूला तेवढंच हवं होतं. दिवाळीनंतर वाडी ट्रकमध्ये चढेल तेव्हा आपण खाली उभं राहायचं.

प्रयोगशाळेचे प्रमुख धनेश साहेब. डॉक्टरेट झालेले, आणि ते विसरलं जाऊ नये म्हणून भिंतीवर पदवी टांगलेली. मिठाच्या काचेवर त्यांचं दीड तासाचं व्याख्यान आहे, चित्रांसह. दर पावसाळ्यात ते सगळ्यांना ऐकावं लागतं.

खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा असते. मागच्या वर्षी प्रयोगशाळेतली राहिली आणि महिनाभरात यंत्र बिघडलं. तेव्हापासून साहेबांचा विज्ञानावरचा विश्वास जरा हलला होता. यंदा ते स्वतः सोवळं नेसून आले. हातात तांब्या, तांब्यात फूल.

"साहेब, हळदकुंकू यंत्राच्या पेटीला लावा," यमू म्हणाली. "कोठडीला नको. मिठाची काच हाय."

"यमूबाई, मला शिकवू नका. तीर्थाच्या दोन थेंबांनी काय होतं?"

दोन थेंबांनी काय होतं हे त्यांच्या व्याख्यानाच्या सहाव्या चित्रात होतं. साहेबांनी फुलाने पाणी शिंपडलं, सढळ हाताने. मग ओलं कुंकू बोटावर घेतलं. यंत्राला कपाळ कुठलं हे ठरवायला क्षणभर थांबले, आणि ती गोल, स्वच्छ काच बघून त्यांना कपाळ सापडलं. टिळा लागला. तो जरा वाकडा झाला म्हणून साहेब खाली वाकले, चष्म्यावर करतात तसं त्यांनी काचेवर "हाऽ" केलं आणि रुमालाने पुसलं.

यमूने डोळे मिटले. ज्यांनी बघितलं त्यांना ती भक्तीने उभी आहे असं वाटलं.

दसऱ्याची सुट्टी झाली. दुसऱ्या दिवशी एका मोठ्या गिऱ्हाइकाचा नमुना मोजायचा होता. त्याच्या दुसऱ्या दिवशी पाहुणे स्वतः बघायला येणार होते. यमूने साहेबांना परत सांगितलं, "आधी काच बघा." साहेब म्हणाले, "टाइम नाही." चकती न लावता आधी रिकाम्या कोठडीची रेघ घ्यायची असते, काच स्वच्छ आहे की नाही ते तिच्यात कळतं. तीही त्यांनी मागच्या आठवड्याचीच वापरायला सांगितली.

रेघ उमटली. खड्डे नव्हतेच, नुसता दाताळ्यासारखा खरखरीत पट्टा. साहेबांनी ती बराच वेळ बघितली आणि कारण शोधून काढलं.

"चकती जाड झाली. जाड चकतीतून उजेड जात नाही. यमूबाई, हा निष्काळजीपणा आहे."

तासाभरात मेमो आला. यादीवरच्या तिच्या नावावर निळी रेघ पडली होती.

यंत्र चालवणारी स्नेहल सापगावची. हुशार पोरगी, फक्त साहेबांसमोर आवाज फुटत नाही. जेवणाच्या सुट्टीत साहेब बाहेर गेल्यावर यमू तिच्याजवळ आली.

"चकती काढ गो. आणि उजेड सोड."

"रिकाम्या कोठडीतून? कशाला, यमूताई?"

"माझी चकती जाड ना? मग नसेल तेव्हा तरी उजेड नीट जाईल."

स्नेहलने चकती काढली, उजेड सोडला. चौथा हिस्सासुद्धा पलीकडे पोचत नव्हता. तिने कोठडी यंत्रातून बाहेर काढली. काच मोतीबिंदू झालेल्या डोळ्यासारखी पांढरी झाली होती, आणि मधोमध बोटाएवढा खळगा, तळाशी कुंकवाची लाली.

साहेब परतले, तेव्हा स्नेहलने पडदा त्यांच्याकडे वळवला. साहेबांनी पडदा बघितला, काच बघितली, मग वातानुकूलन यंत्राकडे बघितलं.

"हवेतला दमटपणा," ते म्हणाले. "मी नेहमी सांगतो. नवी काच मागवा."

"परदेशातून येते, सर. सहा आठवडे," स्नेहल पुटपुटली.

"पाहुणे उद्या येतायत!"

 मिठाची काच घासून परत आरपार करता येते: बारीक भुकटी, स्पिरिट, मऊ कापड, आणि हलका हात. कारखान्यात तो हात एकच होता, आणि तो डबा पुसत होता.

"यमूबाई, जरा ही काच..."

"मी निष्काळजी हाय, साहेब. मेमोत लिवलंय. निष्काळजी माणसाच्या हातात काच देता?"

"मेमो मागे घेतो."

"घ्या. आणि यादीतली निळी रेघ?"

"ते नंतर बघू ना."

"काच पण नंतर बघू."

साहेबांनी आयुष्यात पहिल्यांदा कुणाची तरी शिफारस घाईने लिहिली. स्नेहल स्वतः कागद घेऊन मोठ्या साहेबांकडे गेली आणि शिक्का मारून कायम नेमणुकीचं पत्रच घेऊन आली. यमूने ते दोनदा वाचलं. नेमणूक आजपासून धरली होती. मागची नऊ वर्षं कुठेच नव्हती.

"ताई, हे बरोबर नाय," स्नेहल कुजबुजली.

"नाय तर नाय. पण हे हातात हाय." तिने पत्र घडी करून पोलक्यात ठेवलं, तोंडाला फडकं बांधलं आणि काच घासायला बसली. तास गेला. मग स्नेहलने उजेड सोडला, तो आरपार गेला आणि रेघ पडद्याच्या वरच्या कडेला जाऊन टेकली. संध्याकाळी यमूने नवी चकती दाबून तापायला ठेवली.

दुसऱ्या दिवशी पाहुण्यांसमोर दोन्ही खड्डे पडले, विहिरीसारखे खोल. साहेबांनी ते काठीने दाखवत "आमचं तंत्र, आमची शिस्त" असं अर्धा तास सांगितलं. पाहुणे खूश झाले. सगळ्यांचा फोटो घ्यायचं ठरलं. यमू कोठडीजवळ, फडकं बांधलेलीच.

"यमूबाई," साहेब प्रेमाने म्हणाले, "आता तरी हसा."

"हसतेच हाय, साहेब," यमू म्हणाली. "खंडेनवमीपासून. तोंड बांधलंय म्हणून दिसत नाय."