वाणाचं जांभळं फूल

"थांब वं! थांब!" मी वरडली, पन माही पोरगी थांबलीच नाही. तलावावर हिरवंगार पसरलेलं, तिले वाटलं गवतच हाय. पाय टाकला अन् गपकन खाली गेली. मी काठावर कपडे धूत होती. उठेपर्यंत बाजूच्या दगडावरची मावशी लुगड्यानिशीच पाण्यात घुसली, त्या मुळ्यांत हात घालघालून फ्रॉक धरला अन् पोरीले ओढून काढलं. पालथी करून पाठ थोपटली. पोरगी रडली तवा माह्या जिवात जीव आला. पन मावशीही रडून राह्यलती.

"माह्याच हातानं आणलं वं हे."

मावशी आमच्या शेजारची, एकटीच राहे. तुमच्याही गल्लीत असंल अशी एखादी, जिथं जाईल तिथून झाड आणणारी. लग्नाले जावो का मयतीले, येतानी ओल्या फडक्यात एक फांदी हायच. एसटीत मांडीवर लेकरावानी घेऊन बसे. कंडक्टर म्हणे, "मावशी, याचं हाफ तिकीट काढा."

"एवढंसं तं हाय रे बाबू, त्याले कायची जागा लागते!"

नागपूरले भाचीच्या लग्नाले गेली अन् तिथल्या तलावातून हे जांभळं फूल घेऊन आली. टाक्यात टाकलं, तं टाकं भरलं. केवढी खूश! संक्रांतीच्या हळदीकुंकवाले तिनं तेच वाण देल्लं, वाटीभर पाण्यात एकेक रोप. आमी बायाही खूश. मंग ते बादलीत मावेना. आता वाण कोणी उकिरड्यावर टाकते काय? समद्यांनी हात जोडून तलावात सोडलं. पावसाळा सरला अन् पाणी दिसेनासं झालं.

पोरगी वाचली त्या दिवसापासून मावशी रोज दाताळं घेऊन काठावर. ओढून ओढून ढीग घाले, सकाळी पाहावं तं तलावात पुन्हा तेवढंच. मासे धरणारे टोमणा मारत, "पीक चांगलं हाय मावशी, बाजारात न्या!" ती हसे अन् ओढत राहे. मी भाकर नेऊन दे.

"आता कुठून काडीही आणणार नाही वं," म्हणे. अन् पुढच्याच खेपेले लेकीकडून येतानी पदराखाली जाईची फांदी! म्या पाह्यली, तं नव्या नवरीवानी लाजली.

मंग लेक येऊन तिले आपल्या गावाले घेऊन गेली. काल लेकीचा फोन आला. "आईले आता कोणीच ओळखू येत नाही. तुमचं नावही नाही. दिवसभर ते जांभळं फूलच मागते. भेटाले येतानी आणता काय?"

तलाव, पोरगी, दाताळं, सगळं विसरली मावशी.

नुसतं फूल तोडलं तं ते एसटीत अर्ध्या वाटेतच, मारेगाव यायच्या आत मान टाकते. जितं न्यायचं तं मुळासकट न्या लागते. अन् लेकीच्या घरामागं नदी हाय, मोकळी, लेकरं पोहतेत तिथं.

मी काठावर उभी हाय. पोरीनं पदर गच्च धरला हाय. बस यायची वेळ झाली. सांगा न, तुमी असते तं काय केलं असतं?